विकृती मोजायची तर

'स्ट्रेस' आणि 'स्ट्रेन' या दोन्ही शब्दांसाठी आपण मराठीत बोलताना एकच शब्द वापरतो : ताण. दोरीला ताण असतो, परीक्षेचा ताण असतो, संसाराचा तर असतोच. परिभाषा घडवणाऱ्यांचे मात्र एवढ्यावर भागत नाही. त्यांनी पहिल्याला 'प्रतिबल' म्हटले आणि दुसऱ्याला 'विकृती'. प्रतिबल हा शब्द बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. विकृतीची पंचाईत अशी, की रोजच्या मराठीत तो शब्द आपल्याला वर्तमानपत्रांतील गुन्ह्यांच्या बातम्यांत भेटतो. मी ज्या कामात उमेदीची काही वर्षे घालवली त्याचे शुद्ध मराठीत वर्णन 'हाडांच्या अंतर्भागातील विकृतींचे मापन' असे करावे लागते. आणि ते ऐकून माझ्या एका मामांनी आईपाशी काळजीने चौकशी केली होती, की मुलगी नक्की इंजिनियर झाली आहे ना?

तरीही पुढे पुढे मला हा शब्द आवडू लागला. विकृती म्हटले की तिच्यामागे प्रकृती उभी असतेच. आयुर्वेदात प्रकृती म्हणजे माणसाची जन्मजात घडण, आणि तिच्यापासून ढळणे ही विकृती. अभियांत्रिकीतील व्याख्या याहून फारशी वेगळी नाही. लांबीत पडलेला फरक भागिले मूळ लांबी. एक मीटरची सळई एक मिलिमीटरने ताणली गेली तर विकृती एक हजारांश. या अपूर्णांकात अंशस्थानी काय आहे याकडे सर्वांचे लक्ष असते. पण खरी मेख छेदात आहे. मूळ लांबी ठाऊक नसेल तर विकृती म्हणून काही सांगताच येत नाही. आणि प्रतिबल? ते तर कुणी डोळ्यांनी पाहिलेलेच नाही. कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ मध्ये त्याची नेटकी संकल्पना मांडली, पण वस्तूच्या आत ते आहे हे आपण नेहमीच अनुमानाने जाणतो. दिसतो तो आकारातला बदल.

तोही बाहेरचा. आमच्या गिरगावातल्या चाळीत जिन्याजवळच्या भिंतीला एक मोठा तडा होता, आणि त्या तड्यावर आडवी एक काचेची पट्टी, दोन्ही टोकांना प्लास्टरच्या थापटीत बसवलेली. पट्टीवर तारीख घातलेली होती. आम्हां मुलांना तिला हात लावायला सक्त मनाई. भिंत जराशी जरी हलली तरी काच तडकणार, कारण ताणले जाणे काचेला सोसत नाही. आणि काच तडकली की चाळ रिकामी करायची, असा मोठ्यांच्या बोलण्यातून आम्ही लावलेला अर्थ. येता-जाता आम्ही त्या काचेकडे पाहत असू. ती शाबूत होती याचा अर्थ इतकाच, की त्या तारखेनंतर भिंत हललेली नाही. त्या तारखेपूर्वी ती किती हलली होती, आणि भिंतीच्या पोटात काय चालले होते, याबद्दल काच काहीही सांगत नव्हती.

१९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांचे काम ठाऊक नसताना, जवळजवळ एकाच सुमारास स्ट्रेन गेज शोधून काढला. बारीक तार वस्तूवर चिकटवायची. वस्तू ताणली की तार ताणते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. पूल, विमानांचे पंख, वजनकाटे, सगळीकडे आजही ही युक्ती वापरली जाते. पण तीही वरवरच चिकटते. आत पाहायचे म्हणजे कापायचे, एवढाच मार्ग बराच काळ होता. त्यातही एक सुंदर वाट निघाली होती. ताणलेली पारदर्शक वस्तू ध्रुवित प्रकाशात धरली की तिच्यात रंगांचे पट्टे उमटतात, हे ब्रूस्टरने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवले होते. १९३० च्या दशकात असे लक्षात आले, की विशिष्ट प्लास्टिकचा नमुना तापवून, भार देऊन, भारासकटच सावकाश थंड केला तर ते पट्टे आत गोठून राहतात. मग कलिंगडासारख्या त्याच्या फाका करा, एकेक फाक प्रकाशात धरा, आत काय झाले होते ते वाचा. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अशा जुन्या फाकांचा एक डबा होता. इतकी देखणी शैक्षणिक साधने मी नंतर पाहिली नाहीत. पण ते सारे नमुन्याचे. खऱ्या वस्तूचे नव्हे. हाडाची प्लास्टिकची प्रतिकृती करता येते, हाडाचा स्वभाव तिच्यात उतरत नाही.

न कापता आत पाहण्याची सोय झाली ती वैद्यकामुळे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्डच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेतले. पुढची गोष्ट मला अधिक गमतीची वाटते. फोर्ड या मोटारी बनवणाऱ्या कंपनीतील ली फेल्डकॅम्प आणि त्यांचे सहकारी यंत्रांच्या भागांमधील सूक्ष्म दोष शोधण्याच्या खटपटीत होते. क्ष-किरणांच्या शंकूच्या आकाराच्या झोतापासून त्रिमित चित्र उभे करण्याची त्यांची रीत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९८९ पर्यंत तीच रीत हाडाच्या आतली जाळी पाहण्यासाठी वापरली गेली होती. मोटारींच्या कारखान्यातून हाड दिसू लागले. हे चित्र छायाचित्रासारखे सपाट नसते. लहान लहान ठोकळ्यांचे बनलेले असते. या ठोकळ्याला व्हॉक्सेल म्हणतात.

मग १९९९ मध्ये ब्रायन बे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी वाटणारी कल्पना मांडली. हाडाच्या तुकड्याचे एक त्रिमित चित्र घ्यायचे. मग त्याला यंत्रातच दाबायचे, आणि दाबलेल्या अवस्थेत दुसरे चित्र घ्यायचे. दोन चित्रे एकमेकांशी ताडून आतला प्रत्येक भाग कुठून कुठे सरकला ते शोधायचे. सपाट पृष्ठभागांसाठी असे काम साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या आरंभापासून होत होते. आता ते वस्तूच्या पोटात शिरले. या पद्धतीला डिजिटल व्हॉल्यूम कोरिलेशन असे भारदस्त नाव आहे.

ती समजावून सांगायची तर मला नेहमी दिवे घाट आठवतो. ज्ञानेश्वरांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघाली की घाटातली ती वळणे माणसांनी भरून जातात. समजा, डोंगरावरून तुम्ही त्या गर्दीचे एक छायाचित्र घेतले, आणि थोड्या वेळाने दुसरे. कुणा एका वारकऱ्याला दोन्ही चित्रांत ओळखणे अशक्य. सगळ्यांच्या टोप्या पांढऱ्याच. पण दहाबारा जणांचा पुंजका घेतला तर त्याला स्वतःची अशी ओळख असते : दोन पताका, त्यांच्या उजवीकडे डोक्यावर तुळस घेतलेली बाई, मागे वीणेकरी, शेजारी एकच लाल फेटा. हा पुंजका दुसऱ्या चित्रात नेमका कुठे आहे ते हुडकता येते. असे शेकडो पुंजके हुडकले, की कोणता किती सरकला ते कळते. सगळेच सारखे सरकले असतील तर गर्दी नुसती पुढे गेली, आत दाटी झालेली नाही. पण पुढचा पुंजका थांबला आणि मागचा येतच राहिला, तर मधल्या माणसांवर काय गुदरत असेल ते वेगळे सांगायला नको. विकृती म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या सरकण्यातला हा फरक.

याच दृष्टांतात पद्धतीची अडचणही आहे. गर्दीत पताका नसत्या, तुळस नसती, लाल फेटा नसता, सगळे एकसारखे पांढरे असते, तर पुंजका ओळखता आलाच नसता. वस्तूच्या आत खाणाखुणा हव्यात : छिद्रे, कण, तंतू, काहीतरी. लाकूड, फेस, वाळूचा खडक, पाव, यांना आतली घडण निसर्गतः असते. नितळ, एकजिनसी पदार्थापुढे मात्र ही पद्धत मुकी होते, मग त्यात मुद्दाम कण मिसळावे लागतात. हाडाचे तसे नाही. मणका उभा चिरला तर बाहेर पातळ कवच आणि आत बारीक तुळयांची जाळी दिसते. एकेक तुळई मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी. असे सांगतात, की १८६६ च्या सुमारास झ्युरिकमध्ये हेर्मान फॉन मायर हे शरीररचनाशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाचा छेद दाखवत असताना कार्ल कुलमान हे अभियंते तिथे आले, आणि हाडातल्या तुळयांच्या रेषा पाहून त्यांना आपण आखत असलेल्या यारीतील ताणाच्या रेषा आठवल्या. ही हकिगत थोडी मीठमसाला लागून आपल्यापर्यंत आली असावी. पण हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवत राहते, या युलिउस वोल्फच्या १८९२ च्या सिद्धांताचा गाभा आजही टिकून आहे.

मी परदेशात ज्या प्रयोगशाळेत होते तिथे देहदान केलेल्या माणसांचे मणके येत. नाव नसे, क्रमांक, वय आणि स्त्री की पुरुष, एवढेच. मणका खारट पाण्यात ओला ठेवायचा, यंत्रात बसवायचा, पहिले चित्र घ्यायचे. मग थोडा भार. आणि मग थांबायचे. हाड दाबल्यावर लगेच स्थिर होत नाही. ते हळूहळू सावरत, किंचित खचत राहते, आणि या काळात चित्र घेतले तर ते हलते. जुन्या काळच्या फोटो स्टुडिओत फोटोग्राफर घरच्यांना श्वास रोखून बसवत असे, तसे आम्ही त्या मणक्याला वीस-वीस मिनिटे बसवत असू. मग चित्र, पुन्हा भार, पुन्हा थांबणे. एका मणक्याला अख्खा दिवस लागे.

पण सर्वांत आधी एक निराळीच चाचणी करायची असे, आणि या साऱ्या शास्त्रातली मला सर्वाधिक आदरणीय वाटणारी गोष्ट तीच. भार अजिबात न बदलता एकामागून एक दोन चित्रे घ्यायची आणि ती संगणकाला द्यायची. खरे उत्तर ठाऊक आहे : शून्य. काही घडलेलेच नाही. तरी संगणक शून्य सांगत नाही. चित्रातल्या खरखरीमुळे तो इथे थोडी दाटी, तिथे थोडा ताण असे काहीबाही दाखवतोच. पुंजके लहान घेतले तर हा भास इतका वाढतो, की हाड मोडण्याच्या बेतात असताना जेवढी विकृती असावी तेवढी नुसत्या बसल्या जागी दिसू लागते. पुंजके मोठे, म्हणजे काही मिलिमीटरचे घेतले तर भास कमी होतो, पण मग एकेका तुळईचे काय झाले ते त्यात बुडून जाते. बारकावा हवा की भरवसा हवा, हे ठरवावे लागते. दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. निबंधांमधून छापली जाणारी निळ्यापासून लालपर्यंतची झगझगीत चित्रे पाहताना मी अजूनही आधी हे शोधते, की शून्याच्या चाचणीत यांना काय दिसले होते. ते दिलेले नसेल तर ती चित्रे दिवाणखान्यात लावायला ठीक.

आकडे थोडक्यात सांगते. निरनिराळ्या जिवंत प्राण्यांच्या हाडांवर स्ट्रेन गेज चिकटवून, ते धावत-पळत असताना मोजले, तर कमाल विकृती साधारण ०.२ ते ०.३५ टक्के भरते. दाबाखाली जाळीदार हाड एक टक्क्याच्या आतच, ०.७-०.८ टक्क्यांच्या आसपास नमते. तिथून पुढे ते पूर्ववत होत नाही. मणक्यांवरच्या अशा प्रयोगांत बिघाडाचा आरंभ पुष्कळदा मणक्याच्या वरच्या छताजवळ दिसतो. बाहेरून मणका धड असतो, क्ष-किरणांच्या साध्या चित्रात काही नसते, आणि आत एका कोपऱ्यात छत खचू लागलेले असते. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिले तेव्हा तो मणका माझ्या आईच्या वयाच्या एका स्त्रीचा होता.

या पद्धतीला एक गोष्ट मात्र कधीच दिसत नाही, ती म्हणजे पहिल्या चित्राच्या आधीची. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटी असलेला एक टणक मणी तयार होतो. त्याला प्रिन्स रूपर्टचा थेंब म्हणतात. रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या 'मायक्रोग्राफिया'त त्याच्याविषयी लिहिले आहे. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नाही, आणि शेपटीचे टोक मोडले की संपूर्ण थेंबाची पूड होते. चंद्रशेखर आणि चौधरी या दोघा शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये अतिजलद छायाचित्रणाने दाखवले, की तडा त्याच्यातून सेकंदाला दीड हजार मीटरांहून अधिक वेगाने धावतो. २०१६ मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या पद्धतीने आतले प्रतिबल मोजले गेले, तेव्हा पृष्ठभागावर ७०० मेगापास्कलपर्यंतचा दाब आढळला. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सात हजार पट. टेबलावर शांत पडलेल्या त्या थेंबाची आमच्या पद्धतीने आज एक आणि उद्या एक अशी दोन चित्रे ताडली असती, तर निष्कर्ष निघाला असता : विकृती शून्य. आणि पद्धतीच्या परीने ते खरेच ठरले असते. आधीपासून आत वसलेला ताण फरकातून कळत नाही. त्यासाठी ध्रुवित प्रकाश हवा, किंवा स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमधले अंतर मोजणारी किरणे हवीत; आणि तिथेही ताण नसलेल्या स्थितीतले अंतर किती, हा प्रश्न चुकत नाहीच.

आईचा फोन आला तो मी असाच एक मणका यंत्रात बसवून थांबले असताना. पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली, दोन दिवस तेल लावले, शेक दिला, शेवटी चित्र काढले, तर बारावा मणका पुढून खचलेला. हाडांच्या घनतेची तपासणी तिने त्याच्या सहा महिने आधी केली होती. तिचा अंक होता −२.१. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेली अस्थिविरलतेची रेषा −२.५ ची, म्हणजे ती रेषेच्या अलीकडे होती, आणि त्या समाधानात होती. घनतेचा अंक हाडात खनिज किती आहे ते सांगतो; ते कसे रचले आहे ते सांगत नाही. गोदामात लाकूड किती आहे यावरून छप्पर कसे बांधले आहे ते कसे कळणार? रेषेच्या अलीकडच्या पुष्कळ जणांची हाडे मोडतात, हे मला पाठ होते. माझ्या प्रत्येक निबंधाची प्रस्तावना याच वाक्याने सुरू होत असे.

"अगं, तुझ्या त्या यंत्रात हे आधी दिसलं असतं का गं?" तिने विचारले.

नाही, असे मी तिला सांगितले, आणि का नाही तेही. तिचा मणका बाहेर काढून यंत्रात बसवता येत नाही. जिवंत माणसाला मोडेस्तोवर दाबता येत नाही. इतक्या बारकाव्याने पाहायला लागणारी किरणे शरीराला सोसत नाहीत. सिंक्रोट्रॉनच्या प्रखर झोतात तर सुटे हाडदेखील सुरक्षित नसते : ३५ किलोग्रेच्या पुढे किरणे हाडातल्या कोलाजेनलाच कमकुवत करतात, आणि ज्याची ताकद मोजायची तेच पाहण्यापायी ठिसूळ होत जाते. माणसाच्या सबंध शरीराला एकदम चार-पाच ग्रे मिळाले तरी उपचारांवाचून जीव जाऊ शकतो. हे त्याच्या हजारो पट. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मेलेल्यांचंच दिसतं म्हण की." त्यात टोमणा नव्हता. ती वस्तुस्थिती होती, आणि तिने ती माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितली होती. त्या दिवशी यंत्रात असलेल्या बाईंचा क्रमांक मला अजून आठवतो.

मी महिन्याभराने घरी आले तेव्हा डॉक्टरांनी एक वेगळाच प्रश्न विचारला : जुने एखादे चित्र आहे का? मणका आता खचला की कधीचाच खचलेला आहे, हे एका चित्रावरून ठरवणे कठीण असते. पुष्कळ मणके काहीही न कळवता खचतात. माणूस म्हणतो, वयाने पाठ धरली. आईने गादी उचलली. आपल्याकडे क्ष-किरणांची चित्रे ठेवायची जागा तीच. नऊ वर्षांपूर्वी कंबर दुखत होती म्हणून काढलेली, बाजूने घेतलेली फिल्म, किंचित वाकलेली, कोपऱ्यात तारीख. डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी उजेडावर लावल्या आणि साध्या पट्टीने बाराव्या मणक्याची पुढची उंची मोजली. मागची मोजली. वरच्या आणि खालच्या मणक्याची मोजली. जुन्या फिल्ममध्ये बारावा मणका सरळ, चौकोनी, शेजाऱ्यांसारखाच. नव्या फिल्ममध्ये पाचरीसारखा. पुढची उंची जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. वैद्यकात या खचण्याच्या पायऱ्या आहेत : २० ते २५ टक्के सौम्य, ४० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आईचा मध्यम. असे हाड मोडल्यावर घनतेचा अंक काय म्हणतो याला महत्त्व उरत नाही, उपचार अस्थिविरलतेचेच करायचे, असे सांगून डॉक्टर औषधे लिहू लागले.

मी फिल्मांकडे पाहत राहिले. दोन चित्रे, मध्ये नऊ वर्षे, आणि छेदस्थानी मूळ उंची. सुमारे ०.३३. आमच्या प्रयोगशाळेत विकृती काही टक्क्यांवर गेली की आम्ही प्रयोग थांबवून यंत्र बंद करत असू. ही बाई त्या मणक्यानिशी रिक्षातून आली होती, आणि डॉक्टरांना विचारत होती, की बादली नाही तर नाही, निदान कळशी उचलली तर चालेल का.